एका पंपात तीन औषधं

पडद्यावर ती बाई आली तेव्हा गुरप्पाच्या हातात चहाची बशी होती. बशी तोंडापर्यंत गेली आणि तिथंच थांबली.

“ही कुठल्या गावची म्हणायची?” त्यानं विचारलं.

चनमल्लप्पांनी खांद्यावरचा टॉवेल ओढून पडद्यावर टाकला. “तू तुरीचा भाव बघायला आलास का बायका बघायला आलास?”

“मी तुरीचाच बघायलो होतो, अण्णा. मधी हीच आली. थंडीचे दिवस न्हाईत म्हणून बरं, न्हाई तर गारठली असती बिचारी.”

“नेत्रा, बंद कर ते!”

नेत्रावतीनं टॉवेलखाली हात घालून माऊस फिरवला. एक खिडकी बंद केली की दोन उघडत होत्या. टॉवेलच्या कडेनं दुसऱ्या कुणाचा तरी पाय दिसायला लागला. शेवटी तिनं वाकून मागची वायरच उपटली. पडदा काळा झाला. गुरप्पानं बशीतला चहा संपवला, भाव न विचारताच उठला आणि निघाला. खटकचिंचोळीच्या बसस्टँडवर पोचायला त्याला फार वेळ लागणार नव्हता, आणि तिथं पोचल्यावर तो गप्प बसणार नव्हता.

हे २००७ सालचं, श्रावण लागायच्या आठवड्यातलं. बसस्टँडसमोर चनमल्लप्पांचं बियाणं आणि औषधांचं दुकान. औषधं म्हणजे पिकावर फवारायची. दुकानाच्या मागच्या दारातून घराच्या बैठकीत जाता येत होतं, आणि बैठकीच्या कोपऱ्यात कॉम्प्युटर होता. पुण्यात कंपनीत असलेल्या त्यांच्या मुलानं, महांतेशनं, स्वतःला नवा घेतला तेव्हा जुना धाकट्या बहिणीसाठी घरी आणून दिला. तो बैठकीत ठेवायचा ही चनमल्लप्पांची अट. पोरीचा कॉम्प्युटर चार माणसांच्या नजरेत असावा, असं त्यांचं म्हणणं होतं. आता चार माणसांनी जे बघायचं ते बघितलं होतं.

नेत्रावती भालकीत बी.कॉम. झाली होती आणि बिदरला टायपिंग-डिझाइनचा क्लास करून आली होती. लग्नपत्रिका, बारशाची आमंत्रणं, दुकानांची हँडबिलं ती घरी बसून करायची आणि टेलिफोनच्या तारेवरून भालकीच्या आणि उदगीरच्या छापखान्यांना पाठवायची. या भागात मुलीकडचे मराठी आणि मुलाकडचे कन्नड, किंवा उलट, असं कायमच असतं. एकाच पत्रिकेत दोन्ही भाषा चूक न करता बसवणारं माणूस दोन्ही छापखान्यांना तिच्याशिवाय मिळालं नव्हतं. घरात तिच्या लग्नाचा विषय निघाला की चनमल्लप्पा म्हणायचे, “पोरगी कामात हाय. बघू पुढं.” ते काम या डब्यावर चालत होतं. डबा गेला असता तर काम गेलं असतं, आणि ‘बघू पुढं’ म्हणायला काही कारण उरलं नसतं.

आणि डबा जाणार, हे त्या दुपारी शरणम्मांनी जाहीर केलं. नेत्रावतीची आई फार बोलत नसे. बोलली की ते ठरलेलं असायचं.

“सोमवारी आपल्या घरी मंडळी येणार,” त्या म्हणाल्या. श्रावणातल्या पहिल्या सोमवारी शरणांची, म्हणजे लिंगायत संतांची, वचनं म्हणायला, त्यावर बोलायला आणि मग प्रसादाला गल्लीतली घरं दरवर्षी यांच्याकडंच जमायची. “तवर ही बया गेली तर ठीक. न्हाई तर मंगळवारच्या गाडीनं डबा पुण्याला.”

“अव्वा, सोमवारी बंदच ठेवते की.”

“आता बंद ठेवून काय? गुरप्पानं गावभर केलं असंल. बंद दिसला तर म्हणतील, लपवलाय. चालू पाहिजे, अन् सोवळ्यात पाहिजे.”

बिदरच्या दुरुस्तीवाल्याला फोन केला तर त्याचं उत्तर एका शब्दात आलं: फॉरमॅट. म्हणजे आतलं सगळं पुसायचं आणि पहिल्यापासून भरायचं. अक्षरांचे सगळे साचे, तीन हंगामांच्या पत्रिका, सगळं जाणार. दुसरीकडे उतरवून ठेवायला सीडी भरायची सोय त्या जुन्या मशीनमध्ये नव्हती.

“म्हणजे रान पेटवायचं,” चनमल्लप्पा म्हणाले. “अळी मरती, अन् पीक पण मरतंय. हे काय औषध झालं?”

वायर पुन्हा लावली तेव्हा पडद्याच्या मधोमध लाल अक्षरांत इंग्रजी पाटी उघडझाप करायला लागली. नेत्रावतीनं वाचून सांगितलं, “तुमच्या कॉम्प्युटरात खूप कीड हाय म्हणतंय. इथं दाबा, फुकट तपासून देतो, मग औषध विकत घ्या म्हणतंय. दाबू का, अप्पा?”

“ह्यानं बघितलं कधी आपल्या कॉम्प्युटरात?”

“काय माहीत.”

“मग त्याला कसं कळलं?” चनमल्लप्पा खुर्ची ओढून बसले. औषधांच्या धंद्यात त्यांचे केस पांढरे झाले होते. “आपल्याकडं जीपवर भोंगा लावून येत होते, ध्यानात हाय का? रानात पाय न घालता रस्त्यावरूनच ओरडायचे, तुमच्या तुरीत अळी पडलीय, घ्या बाटली. बाटलीत रंगीत पाणी. हे त्याच जातीचं हाय. जो आधी भीती विकतो तो औषध विकत न्हाई. हात लावू नको.”

ही एक गोष्ट त्यांची बरोबर ठरली. पुढची चुकली.

महांतेशला फोन लावला. तो कामावर होता, मागं गोंगाट होता. “अप्पा, असल्या किडीवरची सगळी औषधं एका सीडीवर भरून रातच्या ट्रॅव्हल्सनं पाठवतो,” तो म्हणाला. “सकाळी भालकीला उतरवून घ्या. सगळं हाय त्यात.” पुढं त्याला आणखी काही सांगायचं होतं. पण चनमल्लप्पांनी ‘सगळं हाय त्यात’ एवढं ऐकून फोन ठेवला. कामावर असलेल्या माणसाचा वेळ घेऊ नये, ही त्यांची जुनी शिस्त.

शनिवारी सकाळी सीडी आली. त्यात पाच वेगवेगळे प्रोग्राम होते.

“कुठलं टाकू?” नेत्रावतीनं विचारलं.

“सगळी.”

“एकदम?”

“सोयाबीनवर अळी येती, बुरशी येती, पिवळं पडतंय. लोक काय तीनदा फवारतेत? एका पंपात घालतेत, एकदा चक्कर मारतेत, मोकळे होतेत. मजुरी वाचती.” गावोगावी असंच चालायचं, आणि नेत्रावती त्याच दुकानामागं वाढली होती. तिलाही ते बरोबरच वाटलं. पाचांतले तीन व्हायरस पकडणारे होते. तिनं ते आधी टाकले, एकावर एक.

तिसरा बसला आणि मशीन चिखलात रुतलं. माऊस इकडून तिकडं न्यायचा म्हणजे पावसात काळ्या रानातून भरलेली गाडी ओढण्यासारखं झालं. पहिल्यानं दुसऱ्याच्या पोतडीत व्हायरसचे नमुने बघितले आणि दुसऱ्यालाच व्हायरस ठरवलं. दुसऱ्यानं पहिल्याला अडवलं. तिसरा दर मिनिटाला विचारत होता की या दोघांना बाहेर काढू का. या भांडणात बाईकडं कुणाचंच लक्ष नव्हतं. तार जोडून बघितली तर ती आलीच, फक्त आता फार सावकाश, वरून खाली. आधी केस आले, मग कपाळ, मग डोळे. हनुवटी यायच्या आत चनमल्लप्पांनी टॉवेल गाठला.

“तीन-तीन औषधं पिऊन बसली अन् मरंना,” ते म्हणाले. “कुठल्या जातीची कीड हाय ही?”

“ती मरंना, अप्पा. मशीन मरायलंय.”

तेवढ्यात दुकानातून हाक आली. गुरप्पाच होता. काल भाव न बघता गेलेला हा माणूस आज औषध न्यायला आला होता. निदान तसं म्हणत होता. बोलताना त्याची नजर मागच्या दाराकडं जात होती.

“पाव्हणी हाय का गेली?”

“काय पाहिजे ते बोल.”

“अळीचं एक, तांबेऱ्याचं एक, अन् झिंकची पूड. एकाच पंपात मारतो.”

चनमल्लप्पांनी बाटल्या काउंटरवर ठेवल्या, पण हातात दिल्या नाहीत. त्यांनी काचेची एक मोकळी बरणी घेतली, पाणी ओतलं, आणि तिन्हींतलं चिमूट-थेंब त्यात टाकून झाकण लावून हलवलं. तीन औषधं एकत्र मागणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाईकासमोर ते हे करायचे. गिऱ्हाइकं कंटाळायची, पण ते सोडत नसत. बरणी त्यांनी उजेडात ठेवली. गुरप्पानं तेवढ्यात कालची गोष्ट बसस्टँडवर आपण कुणालाच सांगितली नसल्याचं शपथेवर सांगितलं.

नेत्रावती चहा घेऊन आली तेव्हा बरणीतल्या पाण्याचं ताक झालं होतं. तळाला नासलेल्या दुधासारख्या गुठळ्या बसल्या होत्या.

“फुटलं,” चनमल्लप्पा म्हणाले. “हे पंपात घातलं असतंस तर नळी तुंबली असती. वर पान जळलं असतं, अन् अळी हसत बसली असती.”

“तिन्ही चांगल्या कंपनीची हायत की, अण्णा.”

“चांगली हायत म्हणून एकमेकांत चांगली ऱ्हातील असं कुठं हाय? तुझे दोघं भाऊ चांगले हायत. ऱ्हातेत का एका घरात?”

“ते सोडा,” गुरप्पा म्हणाला.

नेत्रावती बरणीकडं बघत होती. “अप्पा,” ती म्हणाली, “आपलं पण फुटलंय. घरात.”

चनमल्लप्पांनी तिच्याकडं बघितलं, मग बरणीकडं. सगळ्या गिऱ्हाइकांना अडवणारा हा माणूस स्वतःच्या बैठकीत बरणी हलवायचं विसरला होता.  त्यांनी गुरप्पाला दोन औषधं आज आणि झिंक आठ दिवसांनी असं समजावून वाटेला लावलं, आणि दुकानाला अर्धं शटर ओढून आत आले.

त्यांनी महांतेशला पुन्हा फोन लावला, आणि या वेळी तो बोलायचा थांबेपर्यंत ऐकायला फोन नेत्रावतीच्या हातात दिला. ऐकून झाल्यावर तिनं सांगितलं, “महांतेश अण्णा म्हणायलाय, पाचांत दोन जाती हायत. तिघं राखणदार हायत. ते रात्रंदिवस जागे असतेत. दोघं तसे न्हाईत, बोलावलं की येतेत, झाडून घेतेत अन् झोपतेत.”

“मग राखणदार एकच,” चनमल्लप्पा लगेच म्हणाले. “एका रानाला दोन राखणदार ठेवले तर अंधारात एकमेकांवरच काठी टाकतेत.”

“अन् झाडणारे?”

“ते चालतील दोन्ही. पण एका वक्ती न्हाई. एकाचं झालं, वाळलं, मग दुसरं. एकाला जे दिसत न्हाई ते दुसऱ्याला दिसतंय.”

“अण्णानं हेच सांगितलं.”

“मग फोनचे पैसे वाया गेले,” चनमल्लप्पा म्हणाले. पण त्यांचा चेहरा खुलला होता.

तिघांतला कुठला ठेवायचा यावर थोडा वाद झाला. चनमल्लप्पांना जो सगळ्यात जास्त ओरडत होता तो कामाचा वाटला. नेत्रावतीनं त्यालाच आधी काढलं. तिनं ठेवला तो जुन्या मशीनवर हलका बसणारा होता, आणि त्याला रोज लागणारी नवी माहिती एवढी थोडी होती की टेलिफोनच्या तारेवरूनही आली असती.

रविवारी सकाळी दुकान बंद होतं. नेत्रावतीनं आधी टेलिफोनची तार काढली. “पाणी तोडलं,” चनमल्लप्पा म्हणाले, आणि मग प्रत्येक पायरीला त्यांनी असंच एक नाव दिलं. मशीन सुरू होताना कीबोर्डच्या वरच्या रांगेतली एक कळ दाबून ते अर्धवट जागं केलं. म्हणजे जेवढं अगदी गरजेचं तेवढंच चालतं आणि कीड झोपेत सापडते. पहिला झाडणारा सोडला. तो बराच वेळ फिरला आणि पडद्यावर नावांची लांबलचक रांग घेऊन आला. सगळी काढली. दुसरा सोडला. त्यानं पहिल्याला न दिसलेली आणखी मूठभर आणली. मध्ये करंट गेला, बॅटरीच्या डब्यानं पीं-पीं केलं, करंट आला, राहिलेलं पुन्हा केलं. मग राखणदार बसवला, मशीन नीट सुरू केलं आणि तार जोडली.

ती पुन्हा आली.

या वेळी कुणी टॉवेल उचलला नाही. नेत्रावतीनं तार काढली आणि कपाळावर हात मारून घेतला. उद्या सोमवार होता. स्वयंपाकघरातून शरणम्मांचा, प्रसादाच्या हुग्गीसाठी म्हणजे गव्हाच्या खिरीसाठी, गहू निवडण्याचा आवाज येत होता, आणि त्या सगळं ऐकत होत्या हे दोघांनाही माहीत होतं.

“फवारणी चांगली झालती,” चनमल्लप्पा विचार करत म्हणाले. “तरी आली म्हणजे दोन गोष्टी. एक तर अंडी ऱ्हायलीत. न्हाई तर बांधावर कुठं तरी हिचं घर हाय, तिथून येती.”

अंड्यांचं नेत्रावतीला कळलं. मशीन बिघडलं तर मागं जाता यावं म्हणून ते स्वतःच जुन्या प्रती राखून ठेवतं, आणि त्या प्रतींत कीडही राखली जाते. ते कोठार रिकामं करायचं राहून गेलं होतं. पण घर कुठं होतं? मशीनवर काय-काय बसवलंय ते दाखवणारं पान तिनं उघडलं आणि एकेक नाव वाचत खाली आली. एका नावावर ती थांबली.

“अप्पा, हे कुणी टाकलं?”

चनमल्लप्पांनी चष्मा लावला. ते नाव हवामान सांगणाऱ्या प्रोग्रामचं होतं. पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात, घड्याळाशेजारी, एक इवलासा ढग होता. कधी त्याच्यामागून सूर्य डोकवायचा, कधी त्यातून थेंब पडायचे. तो मृगाच्या आधी आला होता. रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी ते तो बघायचे आणि गिऱ्हाइकांना सांगायचे, आज फवारू नका, उद्या पेरा. दोन-तीनदा ते जुळलं होतं, आणि तेव्हापासून लोक औषधाबरोबर पाऊसही विचारायला लागले होते.

“ते माझं हाय,” ते म्हणाले. “फुकट मिळत होतं.”

“ह्याच्याच पोटातून ती येती, अप्पा. दोन्ही झाडणाऱ्यांनी ह्याच्या आजूबाजूचंच सगळं पकडलंय. पण तुम्ही हो म्हणून टाकल्यामुळं मूळ तसंच ऱ्हायलं.”

“हवामान ठेवून बाकीचं काढता येत न्हाई का?”

“मूळ ठेवून पाला काढल्यासारखं होईल.”

हे त्यांचंच वाक्य होतं. हरळी काढायला आलेल्या बायांना ते हेच ऐकवायचे. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

“फुकटच्या बियाण्यात गाजरगवत येतंच,” ते शेवटी म्हणाले. “काढ.”

आणि उठून अंगणात गेले. आतून शरणम्मांचा आवाज आला, “पाऊस बघायला आभाळ हाय की अजून. का ते पण गेलं?”

नेत्रावतीनं आधी ढग मुळासकट काढला, मग कोठार रिकामं केलं, मग मशीन पुन्हा अर्धवट जागं करून दोन्ही झाडणारे एकामागून एक फिरवले. दुसऱ्याला काहीच सापडलं नाही. ते चांगलं लक्षण होतं की त्याला दिसतच नव्हतं, हे सांगता येत नव्हतं. तार जोडून एकदा बघितलं, तेव्हा ती आली नाही. पण ती कधी लगेच यायची, कधी तासाभरानं. संध्याकाळी हुग्गीचे गहू कांडायला बसावं लागलं, आणि आणखी बघायला वेळ मिळाला नाही.

सोमवारी बैठकीत पाय ठेवायला जागा राहिली नाही. दरवर्षी येणारे आले, आणि कधीच न येणारेही आले. गुरप्पा इस्त्रीचा सदरा घालून अगदी पुढं, कॉम्प्युटरच्या बाजूला बसला. “लोकांना भक्ती लागली,” एवढंच शरणम्मा म्हणाल्या. ती कशाची लागली होती हे त्यांनाही माहीत होतं. कॉम्प्युटर चालू होता. पडद्यावर निळं आकाश आणि हिरवा माळ होता, आणि वचनं चालू असताना निम्म्या डोळ्यांची नजर त्या माळावर होती.

प्रसाद झाला, हात धुतले. तेव्हा आप्पाराव गुरुजी काठी टेकत कोपऱ्याकडं आले. शाळेतून निवृत्त होऊन ते मठाचं काम बघायचे. “नेत्रक्का, मठाच्या प्रवचनमालेचं आमंत्रण तूच केलंस ना? मराठी-कन्नड दोन्ही? भालकीच्या छापखान्यातून सकाळपासून दोन फोन आले. आजच पाहिजे म्हणायलेत. जाईल का आत्ता?”

आमंत्रण तयार होतं. पाठवायचं म्हणजे तार जोडायची, सगळ्यांदेखत. उद्या सकाळी म्हटलं असतं तर गुरुजींनी मानलं असतं. बैठकीनंही मानलं असतं, पण वेगळ्या अर्थानं. नेत्रावतीनं वडिलांकडं बघितलं. चनमल्लप्पा भिंतीला टेकून उभे होते. त्यांनी नजर चुकवली नाही, पण मानही हलवली नाही. ते तिच्यावर सोपवत होते. स्वयंपाकघराच्या दारात शरणम्मा हातातली परात तशीच धरून थांबल्या होत्या.

तिनं तार जोडली.

मोडेमनं किंचाळून घेतलं. बायका पदर सावरून पुढं सरकल्या. पान उघडायला लागलं, सावकाश, वरून खाली: आधी एक पांढरी पट्टी, मग तिच्याखाली निळी, मग मोकळी जागा. गुरप्पाची मान लांब झाली. मोकळ्या जागेत अक्षरं आली. पत्रांची यादी होती. दुसरं काही आलं नाही. नेत्रावतीनं आमंत्रण जोडलं, छापखान्याचा पत्ता टाकला आणि कळ दाबली. गेल्याची ओळ यायला बराच वेळ लागला. ओळ आली तरी तिनं तार लगेच काढली नाही. ती आणखी थोडं थांबली, आणि एवढ्या लोकांदेखत सगळ्यांत अवघड काम तेच होतं.

काही आलं नाही.

“एवढंच?” मागून कुणीतरी म्हणालं, आणि लोक चपला शोधायला उठले.

गुरुजी मात्र तिथंच होते. “अण्णा,” ते चनमल्लप्पांना म्हणाले, “दसऱ्याचं पण मोठं आमंत्रण काढायचं हाय, घडीचं. मी ऐकलं, मशीन पुण्याला जायलंय म्हणून. खरं का?”

“मला कामून विचारता, गुरुजी?” चनमल्लप्पा म्हणाले. “काम तिचं हाय. मशीन पण तिचंच.”

गुरुजी नेत्रावतीकडं वळले. तिनं आधी आईकडं बघितलं. शरणम्मा परात घेऊन आत गेल्या होत्या, आणि आतून भांडी घासायला काढल्याचा आवाज येत होता. दुसरं काही बोलायचं असतं तर त्या गेल्या नसत्या.

“कुठं जात न्हाई, गुरुजी,” नेत्रावती म्हणाली. “पण मजकूर या वेळी पंधरा दिवस आधी द्या. अन् सकाळीच आणून द्या, दुपारी करंट नसतो.”